नाकाची निगा : गाजरगवत, मळणीची धूळ आणि जलनेती

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हा प्रवरेच्या कालव्यांवर पोसलेल्या मुलखाचा एक भाग होय. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि या खोऱ्यात बारमाही बागायत उभी राहिली. परंतु ओलीबरोबर तणही वाढले. बांध, चाऱ्यांचे काठ आणि पडीक जागा पावसाळ्यात गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. पुढे मळणीच्या दिवसांत भुसा व धूळ हवेत उडते. अशा दिवसांत सकाळी उठताच शिंकांची माळ लागणे, नाक गळणे वा चोंदणे आणि डोळे चुरचुरणे या तक्रारी पुष्कळांना होतात. ऐन कामाच्या दिवसांत मजुरी बुडते आणि रात्री झोपही लागत नाही.

ही सर्दी नव्हे

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत ओसरते. ॲलर्जीचा त्रास मात्र पराग वा धूळ हवेत असेपर्यंत चालू राहतो व त्यात सहसा ताप नसतो. नाकाच्या ओलसर अस्तरावर परागकण बसले की काहींचे शरीर त्यांना शत्रू समजते. त्या पेशींतून हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते. त्यामुळे अस्तर सुजते, पाणी सुटते आणि शिंका येतात. गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अंगास खाज सुटते व परागाने नाकास त्रास होतो.

जलनेतीचा उपयोग

नाक धुण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. हठयोगातील षट्कर्मांत नेती ही एक क्रिया सांगितली आहे. १९२४ साली लोणावळ्यास स्थापन झालेल्या कैवल्यधामाने योगक्रियांचा शास्त्रीय दृष्टीने अभ्यास सुरू केला. मिठाच्या कोमट पाण्याने अडकलेले पराग, धूळ व चिकट शेंबूड धुऊन निघतो. या विषयावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार अशा धुण्याने ॲलर्जीची लक्षणे कमी होऊ शकतात. मात्र पुरावा अद्याप भक्कम नाही. म्हणून जलनेती हा औषधांना जोड देणारा उपाय आहे, रोग मुळापासून घालविणारा नव्हे.

पाणी उकळलेलेच हवे

येथे हयगय करू नये. विहिरीचे, कालव्याचे अथवा थेट नळाचे पाणी नाकात कदापि घालू नये. कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा सूक्ष्म अमीबा असू शकतो. तो पोटात गेल्यास अपाय करीत नाही, परंतु नाकातून गेल्यास वासाच्या मज्जातंतूवाटे मेंदूत शिरतो. हा रोग अत्यंत विरळ, पण बहुधा प्राणघातक आहे. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात २०११ साली नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसे याच रोगाने दगावली. पिण्यास चालणारे पाणी नाकास चालेलच असे नाही. फडक्याने गाळल्याने वा तुरटी फिरविल्याने हा धोका टळत नाही. पाणी खळखळून निदान १ मिनिट उकळावे, झाकून ठेवावे आणि कोमट झाल्यावरच वापरावे.

कृती

१. उकळून कोमट केलेल्या अर्ध्या लिटर पाण्यात सपाट एक छोटा चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, स्वच्छ बारीक मीठ विरघळवावे. साधे पाणी नाकास झोंबते. रक्ताइतक्या खारट पाण्याने आग होत नाही.

२. हात व नेतीचे पात्र स्वच्छ धुवावे. पात्र प्रत्येकाचे वेगळे असावे व वापरानंतर पूर्ण वाळवावे.

३. मोरीवर पुढे वाकून डोके एका बाजूस कलते करावे. तोंडाने श्वास घेत पात्राची तोटी वरच्या नाकपुडीस लावावी. पाणी खालच्या नाकपुडीतून आपोआप बाहेर येते. मग दुसऱ्या बाजूने तसेच करावे.

४. शेवटी पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळू शिंकरावे. जोराने शिंकरल्यास पाणी कानाकडे जाते.

त्रासाच्या दिवसांत दिवसातून एकदा, शेतातून परतल्यावर, ही क्रिया करणे सोयीचे होय. कान दुखत असल्यास, वारंवार घोणा फुटत असल्यास, नाक पूर्ण बंद असल्यास किंवा नाकाची शस्त्रक्रिया झाली असल्यास ती करू नये. लहान मुलांवर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून प्रयोग करू नये. धाप लागणे वा छातीत घरघर होणे ही दम्याची लक्षणे असू शकतात. अशा रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

मूळ कारणावर घाव

नाक धुऊनही शेजारच्या बांधावर गाजरगवत फुललेले असेल तर त्रास पुन्हा होणारच. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. मळणीच्या वेळी नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे. ग्रामसेवकांनी पावसाच्या आरंभीच गावकऱ्यांच्या सहकार्याने बांध व रस्त्यांच्या कडा साफ करून घ्याव्यात आणि नेतीची माहिती देताना पाणी उकळण्याची गोष्ट सर्वांत आधी सांगावी.