लोखंडी नांगर ते मुंबई प्रांताचं प्रधानमंत्रिपद : साताऱ्याचे धनजीशा कूपर नेमके कोण होते?

सातारा : महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री कोण, असं विचारलं तर आपल्याकडं शाळकरी पोरगंही यशवंतराव चव्हाणांचं नाव सांगेल. पण त्याआधी २३ वर्षं, १९३७ साली, मुंबई प्रांताचं मंत्रिमंडळ साताऱ्याच्याच एका कारखानदारानं बनवलं होतं. सर धनजीशा कूपर हे त्यांचं नाव. त्या काळी प्रांताच्या प्रमुखालाही ‘प्रधानमंत्री’ म्हणत. आजच्या हिशेबानं मुख्यमंत्री.

कूपर पारशी. १९२२ मध्ये त्यांनी कोरेगाव तालुक्यात सातारा रोडला कारखाना काढला. रेल्वे स्टेशन जवळच, त्यामुळं लोखंड आणायची आणि माल पाठवायची सोय होती. सुरुवात लोखंडी नांगरांपासून झाली. आज पलूस तालुक्यात असलेल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून हेच काम चालू होतं. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते, असं तेव्हा लोक म्हणायचे; त्यामुळं नांगर बनवण्यापेक्षा तो विकणंच अवघड.

पुढं १९३० च्या दशकात कूपरांनी डिझेल इंजिन काढलं. देशात बनलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्याचं नाव घेतात. मोटेवर बैलजोडी दिवसभर राबवायची, तेव्हा कुठं थोडं रान भिजायचं. इंजिनानं ते काम बैलांवरून उतरवलं.

दुसरीकडं राजकारण. ब्राह्मणेतर पक्षाचे ते मोठे नेते आणि जिल्हा लोकल बोर्डाचे अध्यक्ष. हे बोर्ड म्हणजे आजची जिल्हा परिषद समजा : रस्ते, शाळा, दवाखाने. तेव्हा सांगली जिल्हा वेगळा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ मध्ये, आणि त्याचं नाव सांगली पडलं १९६० मध्ये. मताचा हक्क सारा, कर भरणाऱ्यांपुरताच. म्हणजे नांगर घेणारा आणि मत देणारा शेतकरी बऱ्याचदा एकच. धंद्याला हे सोयीचं. पण पुढारी म्हणून लोकांची नजरही तेवढीच राहणार.

१९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात काँग्रेस सगळ्यात मोठा पक्ष ठरली. गव्हर्नरनं आपले खास अधिकार वापरून कारभारात ढवळाढवळ करू नये, अशी हमी तिनं मागितली आणि ती मिळेपर्यंत मंत्रिपदं नाकारली. मग गव्हर्नरनं कूपरांना बोलावलं. १ एप्रिलला त्यांनी सूत्रं घेतली. मंत्रिमंडळात जमनादास मेहता, सिद्धप्पा कांबळी अशी वजनदार माणसं होती, पण मागं बहुमत नव्हतं. विधानसभेला सामोरं जायची वेळ आली असती तर सरकार पडणारच होतं. जुलैत काँग्रेसनं सत्ता घ्यायचं ठरवलं, कूपर पायउतार झाले आणि बाळासाहेब खेर आले. साडेतीन महिन्यांचा कारभार. इंग्रजांच्या सोयीसाठी खुर्चीवर बसले, ही टीका त्यांच्या वाट्याला आली, आणि ती पूर्ण खोटी म्हणता येत नाही.

गावागावात तोवर काँग्रेसचं वारं शिरलं होतं. ब्राह्मणेतर चळवळीतली तरणी पोरं तिकडं गेली. याच मुलखात पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. कूपर त्या वाटेला गेले नाहीत.

सातारा रोडचा कारखाना नंतर वालचंद समूहाकडं गेला. कूपर नावाची कंपनी मात्र साताऱ्यात अजून इंजिनं बनवते.