अणुवीज केंद्राची जागा कोण ठरवते?

हातनूरचे धरण, सारंगखेडा आणि प्रकाशाचे बॅरेज ओलांडून तापी उकाईच्या जलाशयात शिरते. उकाईच्या खाली, व्यारा शहराजवळ, त्याच पाण्यावर काकरापारचे अणुवीज केंद्र चालते. तेथे 220 मेगावॉटच्या दोन आणि 700 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या आहेत, आणि त्यांच्या विजेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. तरी जळगाव-धुळ्यात अणुऊर्जेचा विषय निघाला की तो कोकणाचा प्रश्न मानून सोडून दिला जातो. नाहीतर ऐकीव गोष्टींवर वाद रंगतो.

गैरसमज : तारापूरला कुणी विरोध केला नाही, म्हणजे लोकांची संमती होती.

संमती विचारलीच नव्हती. देशातल्या या पहिल्या अणुवीज केंद्रासाठी अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीशी 1964 मध्ये करार झाला आणि 1969 मध्ये वीज सुरू झाली. जागा ठरली ती हिशेबाने. मुंबई आणि गुजरातला वीज हवी होती, कोळशाच्या खाणी दूर होत्या, थंड करायला समुद्राचे पाणी होते. प्रकल्पाआधी लोकांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद पर्यावरणाच्या नियमांत आली ती 1990 च्या दशकात. तोवर तारापूर पाव शतक चालून झाले होते. त्या काळच्या शांततेला होकार म्हणणे हा तिथल्या मच्छीमारांवर आणि शेतकऱ्यांवर अन्याय आहे. पुढे तिसरी आणि चौथी अणुभट्टी आली, तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. त्यांचा झगडा किरणोत्सर्गापेक्षा घर, जमीन आणि पुनर्वसनाचा होता. खानदेशाला हे नवे नाही. उकाईच्या फुगवट्याखाली तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या नवापूर-नंदुरबारकडची जमीनही गेली आहे.

गैरसमज : जनसुनावणीत बहुसंख्यांनी ‘नको’ म्हटले की प्रकल्प रद्द होतो.

मला हा सगळ्यात घातक गैरसमज वाटतो, कारण त्याच्या भरवशावर माणसे घोषणा देऊन घरी परततात. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार ती राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, आणि किमान 30 दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. तेथे हात मोजले जात नाहीत, हरकती नोंदवल्या जातात. प्रत्येक हरकतीला प्रकल्पवाल्यांनी उत्तर द्यायचे असते आणि ते सगळे मंजुरी देणाऱ्यांपुढे जाते. कोकणातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाची सुनावणी 16 मे 2010 रोजी झाली. विरोध तीव्र होता. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राने 35 अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली.

खरे मतदान कसे असते ते ऑस्ट्रियाने दाखवले. डॅन्यूबकाठी झ्वेंटेनडॉर्फला त्या देशाचे पहिले अणुवीज केंद्र पूर्ण बांधून झाले होते. 5 नोव्हेंबर 1978 च्या सार्वमतात 50.47 टक्के लोकांनी विरोधात कौल दिला आणि ते केंद्र कधीच सुरू झाले नाही. आपल्याकडे असा कायदा नाही.

गैरसमज : अणुवीज केंद्र समुद्राकाठीच होते, खानदेशाचा काय संबंध?

पाणी भरपूर हवे, समुद्रच हवा असे नाही. रावतभाटा चंबळवर आहे, नरोरा गंगेवर, काकरापार आपल्या तापीवर. नदीकाठचे धोके मात्र वेगळे. जून 1994 मध्ये अतिवृष्टीने काकरापारच्या टर्बाइन इमारतीत पाणी शिरले होते. मार्च 2016 मध्ये पहिल्या अणुभट्टीत जड पाण्याची गळती झाली आणि ती तीन वर्षे बंद राहिली. जागेविषयी विचारायचे प्रश्न इथून निघतात. शंभर वर्षांतला मोठा पूर कुठवर येईल? दुष्काळात नदीतून किती पाणी उचलणार? ते कुणाच्या वाट्याचे?

गैरसमज : काकरापारचा किरणोत्सर्ग तापीतून आपल्याकडे येईल.

तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. काकरापार आपल्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथले पाणी भुसावळला किंवा शिरपूरला चढून येणार नाही. प्रश्न उरतो हवेचा. आपत्कालीन नियोजनाचा पट्टा केंद्राभोवती 16 किलोमीटरचा धरतात. नवापूर हवाई अंतराने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर आहे, धुळे दीडशेच्या आसपास. अंतर आहे म्हणून माहिती मागायची नाही, असे मात्र नाही.

अणुभट्टी अणुबॉम्बसारखी फुटेल ही भीतीही निराधार आहे. बॉम्बसाठी सुमारे 90 टक्के समृद्ध युरेनियम लागते. काकरापारला वापरतात त्या नैसर्गिक युरेनियममध्ये कामाचा भाग असतो 0.7 टक्के. चेर्नोबिलला स्फोट वाफेचा झाला, फुकुशिमाला हायड्रोजनचा. त्यांची हानी खरी होती, पण कारण वेगळे होते. काकरापारच्या शीतक मनोऱ्यांवरच्या पांढऱ्या ढगाचीही भीती नको. तसा ढग भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्रावरही दिसतो, आणि दोन्हीकडे तो साध्या पाण्याच्या वाफेचाच असतो. दीपनगरचा त्रास राखेचा आहे, आणि औष्णिक संच वाढवतानाही लोकांचे म्हणणे ऐकण्याचा हाच नियम लागू होतो.

सुनावणीआधी पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात वाचायला ठेवावा लागतो, आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो. सुनावणीला जाता आले नाही तर हरकत लेखी पाठवता येते.