मुळांचा श्वास आणि वाफसा

वाशीम जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पावसाची झड लागली म्हणजे सखल वावरातील सोयाबीन व तूर पिवळी पडतात. पुढे तर पाण्यात उभे असलेले झाडच सुकू लागते. असे का व्हावे, याचा उलगडा प्रयोगशाळेतील काचपात्रांत होतो. म्हणून तो विषय आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

इ. स. १९३४ मध्ये अमेरिकेतील फिलिप व्हाइट या शास्त्रज्ञाने टोमॅटोच्या मुळांची टोके तोडून साखर, क्षार व यीस्टचा अर्क यांच्या द्रवात ठेविली. खोडपानांवाचून ती वाढत राहिली. हल्ली वनस्पतींतील औषधी द्रव्ये मिळविण्यासाठीही अशी मुळे वाढवितात. परंतु पात्रात अन्न मुबलक असूनही मुळांचा गुंता दाट झाला की आतील मुळांस प्राणवायू पोचत नाही. ती खुंटतात व काळवंडतात. म्हणून द्रवाचा थर उथळ ठेवितात, पात्र सतत हालवितात किंवा आत निर्जंतुक हवा सोडतात.

हवेच्या १०० भागांत सुमारे २१ भाग प्राणवायू असतो. एक लिटर पाण्यात मात्र २५ अंश सेल्सिअसला तो अवघा ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो, आणि स्थिर पाण्यातून हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. प्राणवायू तुटला की मुळास साखरेपासून फारच थोडी शक्ती मिळते. मग क्षार व पाणी यांचे शोषण मंदावते.

चिबड वावरात हेच घडते. मातीच्या पोकळ्यांतील हवेची जागा पाणी घेते. सोयाबीनच्या गाठींतील जिवाणूंसही प्राणवायू लागतो; तो न मिळाल्यास नत्र बांधणे थांबते. भाताच्या मुळांत हवा खेळविणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून ते तगते. तुरीस तशी सोय नाही. अशा वेळी पान पिवळे दिसले म्हणून साचल्या पाण्यात युरिया टाकणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय. कारण मूळ तो घेऊ शकत नाही, आणि नत्राचा बराच अंश वाहून अथवा वायुरूपाने उडून जातो.

यास्तव पेरणी रुंद वरंबा व सरी पद्धतीने करावी, सखल भागात चर काढून पाण्यास वाट द्यावी, वाफसा येताच डवरणी करावी आणि खत त्यानंतरच द्यावे. वाफसा म्हणजे जमिनीत ओल व हवा यांचा योग्य मेळ. तो साधण्याची तजवीज कास्तकार बंधूंनी मृगापूर्वीच करून ठेवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.