पानाशी कान

माझ्या ड्रमसेटमधल्या स्नेअरच्या पानाच्या मधोमध बशीएवढा खळगा पडला होता, म्हणून परवाच्या रविवारी सकाळी ते उतरवायला घेतलं. १४ इंची पान, कडेला १० बोल्ट. एक बोल्ट पुरता काढून दुसऱ्याकडे जायचं नाही. चावीनं सगळ्यांना अर्धा-अर्धा फेरा देत उतरायचं, नाहीतर एका बाजूला ताण राहतो आणि रिंग वाकते. रिंग निघाली की पान हातात येतं. खाली उरतो तो लाकडाचा उघडा कठडा. त्याच्यावरून मी डोळे मिटून बोट फिरवतो. कुठे खरखर लागली, कुठे खाच लागली, तर नवं पान तिथे नीट बसणार नाही. त्या दिवशी बोटाला लागली ती फक्त धूळ, नगरमधल्या सावेडीच्या रस्त्यावरची पिठासारखी बारीक.

ड्रमवाले याला हेड म्हणतात. ढोलपथकातली मुलं पान म्हणतात. मला पान हाच शब्द बरा वाटतो. तो ऐकला की काहीतरी जिवंत ताणलेलं डोळ्यांसमोर येतं.

नवं पान ठेवलं, रिंग बसवली, सगळे बोल्ट आधी नुसत्या बोटांनी आवळले. मग चावी. क्रम समोरासमोरचा: बाराच्या जागेवरचा, मग सहाचा, मग तीनच्या बाजूचा, मग नऊच्या. प्रत्येकाला अर्धा फेरा, पुढे पाव, पुढे त्याहून कमी. इथपर्यंतचं काम हाताचं. त्यानंतरचं सगळं कानाचं. पानाच्या मध्यावर एक बोट अलगद टेकवायचं आणि काठीनं प्रत्येक बोल्टसमोर, कडेपासून इंचभर आत, हलकेच टिचकी मारत गोल फिरायचं. दहा ठिकाणी दहा सूर येतात. ते एक होईपर्यंत उठायचं नाही. तबलजी हातोडीनं गजऱ्यावर ठोकत घरं जुळवतो, ते हेच काम आहे. फरक इतकाच की तबल्याचा सूर गायकाच्या सुराशी मिळवायचा असतो आणि इथे पानाचा सूर आधी त्याच्या स्वतःशीच जुळावा लागतो.

सुरुवातीची दोन वर्षं मी हे करत नसे. ड्रम म्हणजे ताल, सुराशी त्याचा काय संबंध, असं वाटायचं. माझा टॉम डबा वाजवल्यासारखा वाजायचा आणि मी हातांना दोष देत राहायचो. एका मित्रानं माझी समजूत बदलली. तो दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला ड्रम वाजवतो. अमेरिकन मराठी मिशननं नगरात १८३१ साली काम सुरू केलं. त्या परंपरेतल्या घरांमध्ये गाणं-वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तो माझ्या किटवर बसला, एकही ठेका वाजवला नाही. टॉमचं वरचं पान टिचकीनं ऐकलं, ड्रम उलटा करून खालचं ऐकलं आणि चावी मागितली. वीस मिनिटांनी तोच टॉम वाजवला तेव्हा आवाज खाली छातीत उतरला. खालचं पान न वाजवताही वाजतं, वरच्यानं हलवलेली हवा तेच पकडतं, हे त्या दिवशी कळलं.

पानाचा विचार निघाला की मला मढी आठवतं. पाथर्डी तालुक्यातलं कानिफनाथांचं मढी. लहानपणी यात्रेत हलगीवाले जाळाभोवती बसलेले पाहिले आहेत. पाचट पेटवायचं, हलगी आचेवर धरायची, फिरवायची, बोटानं वाजवून पाहायची, पुन्हा धरायची. कातडं तापलं की त्यातला ओलावा जातो, ते आकसतं आणि आवाज चढतो. आच जास्त झाली की कातडं गेलंच. ते मोजायला कानाशिवाय दुसरं साधन नव्हतं.

माझं पान कातड्याचं नाही. १९५७ साली अमेरिकेत रेमो बेली यांनी मायलार नावाच्या प्लास्टिक फिल्मची पानं बनवायला सुरुवात केली आणि वासराच्या कातड्याची पानं हळूहळू मागे पडली. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडायचं, ती अडचण संपली. पण उन्हाचा परिणाम उरला, तोही उलटा. प्लास्टिक तापलं की प्रसरण पावतं, म्हणजे ताण उतरतो. मे महिन्यात माझी गच्चीवरची खोली तापते तेव्हा दुपारी टॉमचा सूर सकाळपेक्षा खाली आलेला असतो. हलगी उन्हात चढते, माझा ड्रम उन्हात उतरतो. हे ध्यानात आल्यापासून मी उन्हाळ्यात दुपारी चावीला हात लावत नाही. दुपारी चढवलेलं पान पहाटेच्या गारव्यात जास्त ताणलं जातं.

झांजांचं गणित वेगळं. चांगली झांज म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील. आपल्याकडे तळपायाला तूप लावून जी काशाची वाटी फिरवतात, तिचा धातूही जवळजवळ हाच. हे कळल्यावर मी एक चूक केली. काशाची भांडी घासतात तशी क्रॅश झांज चिंचेनं आणि पावडरीनं घासली. ती लखलखली, पण वरचा छापील शिक्का गेला, चकाकीचा थर गेला आणि महिन्याभरात डाग पडले. आता कोमट पाणी, थोडा साबण, मऊ फडकं, आणि पुसायचं ते रेघांच्या दिशेनं गोल. दुसरी काळजी नटाची. झांज स्टँडवर घट्ट आवळली की तिला डोलता येत नाही आणि काठीचा सगळा मार एका जागी बसतो. तिथूनच ती चिरते. भोकात प्लास्टिकची नळी लागते, नाहीतर स्टँडची सळई धातू खाते. माझी नळी तुटली तेव्हा शेतातल्या ठिबकच्या नळीचा बोटभर तुकडा कापून बसवला. तो अजून आहे.

किकच्या पेडलला शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब. किकच्या पोटात आजीच्या जुन्या गोधडीचा तुकडा. त्यानं घुमारा मरतो आणि फक्त ठोका उरतो.

आता वाजवण्याचं. रोजच्या सरावातला निम्मा वेळ मी ड्रमला हातच लावत नाही. रबरी पॅड, मेट्रोनोम साठावर, आणि उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. दोन्ही हातांचा आवाज एकसारखा येतोय का, एवढंच ऐकायचं. माझा डावा अजून अंगठ्याशी आखडतो. वेग वाढवला की ते झाकलं जातं, म्हणून वेग वाढवत नाही. यात शेजाऱ्यांची सोयही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि किटवर बसलेल्याच्या कानापाशी आवाज सहज शंभराच्या वर जातो. मी कानात बोळे घालतो. पूर्ण किट वाजवायची ती फक्त संध्याकाळी पाच ते सहा. ही वेळ खालच्या काकूंनी ठरवून दिली आहे. त्या वेळी त्या फिरायला जातात.

पायानं मला सगळ्यांत जास्त छळलं. घरात हरिपाठ, देवळात पखवाज, त्यामुळे आठ मात्रा अंगात होत्या. केरवा घ्या. पाचव्या मात्रेला खाली येते, तिथे डग्गा गप्प बसतो. आणि किटवरच्या अगदी साध्या ठेक्यात नेमक्या त्या पाचव्या मात्रेवर पायानं किक मारायची असते. शरीर म्हणे, इथे थांब; ठेक्याची वही म्हणे, इथे मार. कित्येक आठवडे पाय तिथे आला की अडखळायचा. पुढे लक्षात आलं की खाली विसरायची गरज नाही. ती पायातून काढून हाय-हॅटवरच्या उजव्या हातात ठेवली, तिथे काठी किंचित हलकी पडू दिली, आणि ठेका एकदम सैलावला, चालू लागला.

आपला ताल असा किटवर आणण्यात नवं काही नाही. बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू आधी तबला शिकले आणि मग ड्रमकडे गेले. स्टुलावर बसण्याऐवजी त्यांनी ड्रम, झांजा आणि तबला जमिनीलगत मांडले, कारण त्यांचं वाजवणं तिथूनच येत होतं. वाजती घंटा पाण्याच्या बादलीत बुडवून ते तिचा सूर वाकवतात. त्यांचं वादन ऐकताना मला आधी ऐकू येतात ते बोल, ड्रम नंतर.

नवं पान बसवल्यावर पहिला दिवस ते ताणलं जात राहतं, सूर उतरतो. म्हणून रविवारी जुळवलेलं स्नेअर सोमवारी पुन्हा ऐकलं. दहापैकी आठ बोल्ट जागेवर होते. खिडकीकडचे दोन उतरले होते. एकाला पाव फेरा दिला, दुसऱ्याला त्याहून कमी, आणि खालच्या पानाला टेकलेल्या तारा सैल करून पुन्हा एकदा गोल फिरलो. नववा अजून किंचित खाली वाटतो. ऊन उतरल्यावर पाहीन.