लेट लतीफ आणि मी

तुमच्या ऑफिसात एक तरी लेट लतीफ असतोच ना? आमच्याकडेही होता. दोन-तीन वर्षांपूर्वी मी बाणेरमधल्या एका जाहिरात एजन्सीत कॉपी लिहायचे आणि तो माझ्याच टीममधला डिझायनर. ऑफिस दहाचं, साहेब उगवणार सव्वाअकराला. केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. मग टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडायचा, ‘आले आले, महाराज आले!’ त्यावर पाच-सहा स्मायली. हा मेसेज पहिल्यांदा टाकला होता मी. लोक हसले, मग काय, चटकच लागली.

एकदा एका बिल्डरचं ब्रोशर करत होतो. महारेराचा नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापावाच लागतो. माझ्या कॉपीत त्यातले दोन आकडे उलटे पडले आणि तसेच छापूनही आले. ५,००० प्रती थेट रद्दीत! बॉसनं केबिनमध्ये जे सुनावलं ते इथे छापण्यासारखं नाही. रडवेली होऊन बाहेर आले, तर हा शेजारी येऊन हळूच म्हणाला, “मला रात्री फायनल प्रूफ बघतानाच डाउट आला होता.”

“मग बोलला का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“काय बोलणार? तुम्ही म्हणाल, आधी वेळेवर ये, मग आमच्या चुका काढ.”

खरं सांगू? मी अगदी तस्संच म्हटलं असतं.

महिन्याभरानं अकाउंट्समधल्या मैत्रिणीकडून कळलं, त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं. पहाटे पाचला उठून त्यांना हॉस्पिटलात न्यायचं, चार तास बाहेरच्या बाकड्यावर बसायचं, घरी सोडायचं आणि मग ऑफिस. दर मंगळवारी आणि शुक्रवारी. पंचिंग मशिनमध्ये सगळं दिसत होतं! उशीर फक्त त्याच दोन दिवशी. आम्ही आठ जण रोज क्लायंटच्या डेटातले पॅटर्न शोधत बसायचो, आणि हा एवढा ढळढळीत पॅटर्न कोणाला दिसला नाही.

फ्रीलान्सर झाल्यावर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचं काम हाती लागलं. नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्स औषधं देताना किती चुका करतात, हे त्या तपासत होत्या. अंदाज साधा होता, चांगल्या टीमच्या चुका कमी. आकडे आले ते बरोब्बर उलटे! चांगल्या टीम्सच्या नावावर जास्त चुका. नंतर उलगडा झाला की तिथे माणसं झालेल्या चुका बोलून दाखवत होती, बाकीच्या ठिकाणी लपवत होती. वाचताना मला ते ब्रोशरच आठवत राहिलं.

गूगलनं तर २०१२ मध्ये ‘प्रोजेक्ट अॅरिस्टॉटल’ नावाचा अभ्यासच सुरू केला. १८० टीम्स तपासल्या. हुशार माणसं एकत्र आणा, दोस्तांना एकत्र बसवा, कुठल्याच फॉर्म्युल्याला आकडे दाद देईनात. शेवटी सगळ्यात वर आली ती एडमंडसन बाईंचीच गोष्ट : इथे तोंड उघडलं तर आपली कोणी टर उडवणार नाही, हा भरवसा.

त्याआधी २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अनिता वुली आणि सहकाऱ्यांचा ६९९ लोकांवरचा प्रयोग आला होता. छोट्या-छोट्या गटांना कोडी, कामं दिली. गटातला सगळ्यात हुशार माणूस किती हुशार, याचा गटाच्या यशाशी फारसा संबंध नव्हता. समोरच्याच्या नुसत्या डोळ्यांच्या फोटोवरून त्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणारी माणसं ज्या गटात जास्त, आणि जिथे एकच जण भाषण ठोकत नाही, ते गट पुढे. ती डोळ्यांची टेस्ट मीही देऊन बघितली. मार्क सांगणार नाही!

मराठीत याला ‘समानुभूती’ म्हणतात. सहानुभूती वेगळी हं. त्यात आपण वर उभे राहून खालच्याला ‘अरेरे’ म्हणतो. सत्या नाडेलांचा किस्सा ऐकला असेलच. १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मुलाखतीत त्यांना विचारलं, रस्त्यावर एक बाळ पडून रडतंय, काय कराल? हे म्हणाले, ९११ ला फोन लावीन. मुलाखत घेणाऱ्यानं जाता जाता समजावलं, अरे बाबा, आधी बाळाला उचलून घे! नोकरी मिळाली, पण धडा खरा गिरवला गेला तो १९९६ मध्ये मुलगा सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मला तेव्हा, असं त्यांनीच ‘हिट रिफ्रेश’मध्ये लिहिलंय.

आता सगळ्या एचआरना याचा चस्का लागलाय. शनिवारी रिसॉर्टवर न्यायचं, डोळे मिटून एकमेकांचे हात धरायला लावायचे आणि सोमवारी पुन्हा रात्री अकराला ‘अर्जंट’ मेल. आणि हो, ऑफिसात समानुभूतीचं खातं बहुतेक वेळा एखाद्या मुलीच्याच गळ्यात पडतं. केक तिनं आणायचा, रडणाऱ्याला कॉफी प्यायला तिनं न्यायचं, अप्रेझलमध्ये मात्र याचा एक मार्क नाही. माझा याला सक्त विरोध आहे. लीडनं रोस्टर बघून ‘मंगळवार-शुक्रवार तू साडेअकराला ये, संध्याकाळी भरून काढ’ म्हणणं, हे मला शंभर हात धरण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

गेल्या महिन्यात तो डिझायनर एफसी रोडवर भेटला. वडील गेले म्हणाला, दीड वर्ष झालं. नव्या ऑफिसात टीम लीड झालाय. दोन कटिंग सांगितले आणि मी त्या मेसेजबद्दल सॉरी म्हटलं. एवढ्या उशिरा.

“तो तू सुरू केलेलास?” तो म्हणाला. “मला वाटायचं, बॉसनं.”

मग बराच वेळ आम्ही चहाच पीत होतो.