अडलेला सूर

संपादकांनी एवढंच सांगितलं होतं, की नाताळ जवळ आलाय, मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळींवर काहीतरी लिहा. परभणी जिल्ह्यात ही मंडळी संख्येनं अगदी थोडी. मी गेले होते चर्चचा इतिहास विचारायला. प्रत्यक्षात तीन तास एका उघड्या पेटीसमोर बसून राहिले.

पेटी म्हणजे हार्मोनियम. एका लहानशा चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर जुनं वर्तमानपत्र पसरून काका बसले होते. वय सत्तरीच्या पुढचं. रविवारच्या उपासनेत पेटी तेच वाजवतात आणि बिघडली तर दुरुस्तही तेच करतात. "सलाम ताई," ते म्हणाले, "बसा. एक सूर अडलाय, तेवढा काढतो. मंग काय विचारायचं ते विचारा."

पट्ट्या काढून ओळीनं मांडल्या होत्या. खाली पितळी सुरांच्या दोन रांगा उघड्या पडल्या होत्या, एक खर्जाची, एक नराची. हा सूर म्हणजे बोटभर लांबीचा पितळेचा तुकडा. त्यात एक अरुंद फट आणि फटीवर पितळेचीच पातळ जीभ, एका टोकाला घट्ट बसवलेली, दुसरं टोक मोकळं. भात्यातली हवा फटीतून जाते तेव्हा ही जीभ थरथरते, आणि आपण त्याला आवाज म्हणतो. जीभ आणि फटीची कड यांच्यात कागदही जेमतेम सरकेल एवढीच जागा. आमच्याकडच्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात कुठंही शिरते. तिचा एक कण तिथं बसला की सूर मुका.

अडला होता काळी एकचा नर. मंडळी गाते ती याच पट्टीत. खर्ज वाजत होता, त्यामुळे गाणं थांबलं नव्हतं, पण काकांना ते सहन होत नव्हतं. "सा एकटाच वाजायलाय बगा. बाकीचे समदे जोडीनं."

त्यांनी कागदाची पट्टी जिभेखालून हलकेच ओढली. कण निघाला, पण आवाज जरा उतरलेला आला. मग कानस. जिभेच्या मोकळ्या टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन वेळा कानस फिरवायची, सूर जागेवर बसवायचा, भाता मारायचा, खर्जातल्या जोडीच्या सुराशी लावून ऐकायचं, पुन्हा बाहेर काढायचा. दोन सूर जवळ आले की त्यांच्यात एक लाट ऐकू येते. ती संथ होत होत विरली की जुळले. मला ती लाट पाचव्या खेपेला ऐकू आली. काकांना पहिल्याच खेपेला आली असणार. "लै घासायचं नाही," ते म्हणाले. "दोन्हीकडनं घासत बसलं की जीभ पातळ होती, मंग तुटती."

ही पेटी मुळात आपली नव्हे. अलेक्झांडर दबँ या फ्रेंच कारागिरानं १८४२ मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं. पायानं भाता मारायची पेटी मिशनऱ्यांबरोबर इथं आली. पुढं कलकत्त्यात तिला हातभाता मिळाला आणि ती जमिनीवर बसली. मांडी घालून गाणाऱ्या देशात तिला तसंच बसावं लागणार होतं. आज वारकरी कीर्तन तिच्यावाचून सुचत नाही. तिला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, येत नाही म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं होतं. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मींड गळ्यानं घ्यायची. पेटीनं नुसता हात धरायचा."

पेटीचं जे झालं तेच या भूमीत ख्रिस्ती गाण्याचं झालं. इथल्या मिशनच्या इतिहासाची कागदपत्रं मी भराभर चाळली: जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेलं बेथेल, स्कॉटिश मिशनचं काम, निजामाच्या दिवाणांनी, सालारजंगांनी दिलेली जमीन. आदर वाटतो, पण माझं मन अडकलं ते ओवीत आणि अभंगात. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं येशूची कथा सांगायला ओवीच घेतली. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडं ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी त्याला अभंगांची शिदोरी दिली. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या पुलावरून पोचलो, असं ते सांगत. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पूर्ण केलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी.

परभणी जिल्ह्यात बसून हे वाचताना गंगाखेड आठवल्यावाचून राहत नाही. जनाबाईचं हे गाव. तिनं देवाला जात्याशी बसवलं, शेण्या वेचायला नेलं. टिळकांच्या गीतांतही येशू असाच घरात शिरतो. त्याच्याशी भांडता येतं, त्याला माऊली म्हणता येतं. चर्चमधल्या शेतमजूर बाया ही गीतं पुस्तकात न बघता म्हणतात. यातल्या कित्येकींना वाचता येत नाही. त्यांचं सगळं धर्मज्ञान या कडव्यांत आहे आणि ते कुणा पंडितापेक्षा कमी नाही, असं मला मनापासून वाटतं. गावात कुणी गेलं की त्या रात्री त्याच्या घरी जाऊन हीच गीतं म्हणतात. सप्ता बसला की काकांची पेटी तिकडंही जाते. तिकडचा पेटीवाला आजारी असला तर काकाही जातात. यात कुणाला काही वेगळं वाटत नाही.

काकांच्या मागं मात्र कुणी नाही. मुलगा पुण्याला, त्याला वेळ नाही. चर्चमधल्या दोन पोरांना त्यांनी बसवून पाहिलं. ती आता की-बोर्ड वाजवतात. त्यावर बटण दाबलं की पट्टी बदलते, धूळ बसत नाही, सूर उतरत नाही. पोरं फोनवरून हिंदी आराधना-गीतं उचलतात आणि जीव ओतून गातात. त्यांच्या भक्तीत मला तसूभर उणं दिसलं नाही. पण जुनी गीतं त्यांना येत नाहीत, आणि त्याचं कारण आळस हे नाही.

कारण काकांनी दाखवलं. त्यांच्याकडं गीतांचं एक फाटकं पुस्तक आहे. पुष्कळ गीतांच्या डोक्यावर 'चाल' असं छापलंय आणि पुढं दुसऱ्याच एखाद्या गाण्याची सुरुवात. गीत लिहिलं गेलं तेव्हा ते दुसरं गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी होतं, म्हणून तेवढी खूण पुरायची. ते नाटकातलं पद असेल, लावणी असेल, कीर्तनातली साकी असेल. आज ते गाणंच कुणाला ठाऊक नाही. शब्द छापलेले, चाल गेलेली. काकांनी अशा गीतांवर पेन्सिलीनं फुली केलीय. मी पानं उलटत गेले. फुल्या पुष्कळ होत्या.

'क्रिस्तपुराणा'ची छापील प्रत आज कुठंही उरलेली नाही. लोकांनी हातानं नकलून घेतलेली बाडं घराघरांत राहिली, म्हणून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापता आलं. पण चाल नकलून ठेवता येत नाही. ती कुणाच्या तरी गळ्यात असावी लागते आणि दुसऱ्या कुणी तरी समोर बसावं लागतं.

दुपारी एक आजी आल्या. पदराला पीठ लागलेलं. एका फुलीवाल्या गीताची चाल त्यांना येते, असं काकांना परवाच कळलं होतं. काकांनी पट्ट्या परत बसवल्या, काळी एक दाबून पाहिली; आता सा जोडीनं बोलला. आजींनी दोन कडवी म्हटली. तिसऱ्याला चाल वळते, आणि तिथं त्या थांबल्या. काकांनी एक वळण वाजवून दाखवलं. "तसं नव्हतं." दुसरं वाजवलं. "तसंबी नव्हतं." तिसऱ्या खेपेला आजी गप्पच बसल्या.

मग म्हणाल्या, जालन्याला माझी धाकटी बहीण हाय, तिला येत असंल. काकांनी फोन लावला, आवाज मोठा केला आणि पेटीवर ठेवला. पलीकडं भांडी वाजत होती. बराच वेळ दोघी बहिणी तब्येतीचंच बोलल्या. मग धाकटीनं तिथूनच, उभ्यानं, तिसरं कडवं सुरू केलं. तिची पट्टी पांढरी पाचच्या जवळपास होती. काकांनी काळी एक सोडली आणि तिच्यामागं निघाले.