अडीच मिनिटं शिळा हुकूम

६ एप्रिल २०२२. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टुसॉनजवळ, आय-१० महामार्गावरून टूसिंपल कंपनीचा ट्रक सरळ निघाला होता. स्टिअरिंग सॉफ्टवेअरच्या ताब्यात, केबिनमध्ये खबरदारीपुरती बसवलेली माणसं. अचानक ट्रक डावीकडे वळला. चालकाने स्टिअरिंग धरून आवरायचा प्रयत्न केला, पण तोवर ट्रक काँक्रीटच्या कठड्यावर आदळला होता. जीव कुणाचा गेला नाही. पण याच कंपनीचा ट्रक आदल्या डिसेंबरमध्ये टुसॉन ते फिनिक्स हे सुमारे १३० किलोमीटर एकही माणूस आत नसताना धावला होता. मग सरळ रस्त्यावर हे वळण आलं कुठून?

कंपनीने बोट दाखवलं माणसाकडे. यंत्रणा तयार नसताना ती पुन्हा सुरू केली गेली, असं तिचं म्हणणं. पण कंपनीचाच अंतर्गत अहवाल बाहेर आला आणि गुपित फुटलं. ट्रकने पाळलेला ‘डावीकडे वळ’ हा हुकूम अडीच मिनिटांपूर्वीचा होता. तो पुसला जायला हवा होता, पण राहून गेला. यंत्रणा सुरू होताच संगणकाने तो इमानेइतबारे अमलात आणला. ताशी १०० किलोमीटरचा हिशेब धरला, तर चार किलोमीटर मागे राहिलेल्या रस्त्यासाठीचा हुकूम! बटण माणसाने चुकीच्या वेळी दाबलं असेलही. ते दाबलं तरी ‘मी तयार नाही’ असं म्हणून यंत्राने नकार द्यायला नको?

असाच एक शोध त्याच राज्यातल्या टेंपी गावात लागला होता. मार्च २०१८ मध्ये उबरच्या स्वयंचलित मोटारीने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली, त्यात तिचा मृत्यू झाला. तपास केला अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने. सेन्सरला ती धडकेच्या पाचेक सेकंद आधीच दिसली होती. पण सॉफ्टवेअर तिला कधी वाहन ठरवत होतं, कधी सायकल. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी मधूनच रस्ता ओलांडेल, हे त्याच्या रचनेत धरलेलंच नव्हतं.

नागपुरात धरमपेठेतल्या ट्रॅफिक पार्कात लहान मुलांना झेब्रा क्रॉसिंग शिकवतात. बाहेर वेस्ट हायकोर्ट रोडवर मुलांचे आईबाप रस्ता कसा ओलांडतात, ते नागपूरकरांना सांगायला नको.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग मात्र विनाचालक ट्रकसाठीच बांधल्यासारखा आहे. ७०१ किलोमीटर, सिग्नल नाही, चौक नाही. जून २०२५ पासून तो पूर्ण खुला आहे. आणि तिथे तर माणूसच कमी पडतो: एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही चालकाचं भान हरपतं, हे ‘महामार्ग संमोहन’ नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासातही पुढे आलं. यंत्राला पेंग येत नाही, ही त्याची बाजू खरी. पण नागपूरजवळ शिवमडक्याला समृद्धी संपते आणि ट्रकला जायचं असतं वाडीच्या गोदामात, नाहीतर कळमन्याच्या बाजारात. तिथे ई-रिक्षा उलट्या दिशेने येते आणि गाय दुभाजकाजवळ रवंथ करत बसते.

ही गर्दी यंत्राला कशी ओळखता येणार? हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांची दहा हजार छायाचित्रं जमवून २०१८ मध्ये त्यांचा संच तयार केला. त्यात ऑटोरिक्षाचा वेगळा वर्ग आहे, जनावरांचा आहे. डांबराबाहेरच्या, पण गाडी जाऊ शकेल अशा मातीच्या कडेलाही त्यांना वेगळं नाव द्यावं लागलं.

हीच संस्था सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आय-रास्ते’ प्रकल्पातून नागपुरात आली. सोबत इंटेल, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि महापालिका. चालकाला हटवायचं नाही, त्याच्यापुढे कॅमेरा बसवायचा, एवढाच बेत. शहर बसमधलं यंत्र धडकेचा धोका दिसला की चालकाला सावध करतं आणि तो इशारा कुठे वाजला याची नोंद ठेवतं. नोंदी नकाशावर मांडल्या की काही जागी इशारे पुन्हा पुन्हा वाजलेले दिसतात. राष्ट्रीय महामार्गावर सरकारी व्याख्येने ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात लागतात, नाहीतर १० मृत्यू. इथे कुणी मरायच्या आतच जागा सापडते. तिला ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. माझ्या लेखी चालकाविना धावलेल्या त्या १३० किलोमीटरपेक्षा हा शोध मोठा.

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरींनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या आयआयएममध्ये भारतात विनाचालक गाड्या येऊ देणार नाही असं सांगितलं, ते चालकांच्या रोजगारासाठी. सुरक्षेच्या कसोटीवरही आज माझं उत्तर नाहीच. मे २०२५ मध्ये ऑरोरा कंपनीने डॅलस-ह्यूस्टन मार्गावर चालकाविना मालवाहतूक सुरू केली आणि काही दिवसांतच, ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून, चालकाच्या सीटवर पुन्हा माणूस बसवला.

वाडीच्या ट्रकमालकांनी विनाचालक ट्रकची वाट पाहू नये. नवा ट्रक घेताना पेंगणाऱ्या चालकाला जागं करणारं आणि वेळेवर आपोआप ब्रेक लावणारं यंत्र मात्र मागून घ्यावं.